कलिंगडाला खारं पाणी: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

भातकापणी उरकून किनारपट्टीवर कलिंगडाचे गादीवाफे पडू लागले, की तो मेसेज पुन्हा गावागावांत फिरतो: ‘कलिंगडाला खारं पाणी बिनधास्त द्या, फळ जास्त गोड होतं. मीठ साचलं तर जिप्सम मारा, उरलेलं पाऊस धुऊन नेतो.’ माझ्या शेजाऱ्याने यावर भरवसा ठेवून पीक घालवलं, म्हणून लिहितोय.

गोडीच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती पटते. मुळाशी मीठ वाढलं की वेलाला पाणी ओढणं जड जातं, फळ नीट फुगत नाही आणि रस कधीकधी घट्ट होतो. पण व्यापारी पैसे वजनावर देतो. शिवाय ही झाली फळ धरल्यानंतरची गोष्ट. उगवणीला आणि रोप कोवळं असताना खारं पाणी मिळालं, तर वेल पसरतच नाही.

शेजाऱ्याच्या मळ्यात माती हाताला ओली लागत होती, तरी वेल दुपारी माना टाकायचे. जुन्या पानांच्या कडा पोळल्यासारख्या तपकिरी, ठिबकच्या ओल्या गोलाभोवती पांढरी रेघ. पाणी कमी पडतंय असं वाटून तो त्याच विहिरीचं आणखी पाणी सोडत राहिला. हिशेब करा: लिटरला 2 ग्रॅम क्षार, वेलाला रोज 4 लिटर पाणी, 70 दिवस. एका वेलाच्या बुडाशी 560 ग्रॅम!

जिप्सम मीठ मारत नाही. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सुटं करतं. ते खाली वाहून जायला गोडं पाणी आणि निचरा लागतोच.

पावसाचं म्हणणं पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, जमिनीत बरोबर आहे. खाजणाच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीच्या) चिकट मातीत, त्यात उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं बांधाचं दार, गळकी असेल तर, मुळीच नाही. आणि पाऊस जूनमध्ये येतो, तोवर पीक हातचं गेलेलं असतं.

मेसेजमध्ये विहिरीबद्दल चकार शब्द नाही, आणि मला खरी काळजी तिचीच आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी 1 फूट उतरली की खारं साधारण 40 फूट वर सरकू शकतं. डिसेंबरात गोड असलेली विहीर फेब्रुवारीत मचूळ लागते ती यामुळेच. तेव्हा पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप) लावणीआधी तपासा आणि फळं धरल्यावर पुन्हा तपासा. गोडं पाणी थोडंच असेल, तर ते पहिल्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवा.