फिरायला जाण्याचे सापेक्ष फायदे

पहाटे साडेपाचला अंगावरची चादर ओढली जाते आणि कानावर येतं, "उठा! चालणारा माणूस लवकर म्हातारा होत नाही." आरोग्याच्या बाकी सुविचारांशी मी झोपेतही वाद घालतो. याच्याशी घालता येत नाही, कारण हे अक्षरशः खरं आहे. आइन्स्टाईनने 1905 सालीच सांगून ठेवलंय की चालत्या माणसाचं घड्याळ थांबलेल्याच्या मानाने हळू चालतं. प्रकाशाचा वेग कुणीही, कितीही पळत मोजला तरी तोच भरला पाहिजे, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. एकाचा हट्ट पुरवायचा म्हटलं की दुसऱ्याला माघार घ्यावी लागते. इथे ती काळाने घेतली. (आमच्या घरी ती कोण घेतं, ते चादरीवरून कळलंच असेल.)

शेवटी मी कागद-पेन घेऊन बसलो. ताशी 5 किलोमीटरने, रोज तासभर, पाऊस-सर्दी-पाहुणे काहीही सबब न सांगता सलग 50 वर्षं चाललो, तर माझं वय किती वाचेल? 0.7 नॅनोसेकंद! तेवढ्या वेळात खुद्द प्रकाशसुद्धा जेमतेम वीतभर सरकतो. आणि त्यासाठी बूट घ्यायचे, मोजे धुवायचे.

बरं, हा झाला फक्त 1905चा हिशेब. 1915 साली आइन्स्टाईनने गुरुत्वाकर्षणही त्यात आणलं आणि माझी बाजू एकदम भक्कम झाली. जमिनीपासून जितकं वर जावं, तितका काळ भरभर पळतो. 2010 साली अमेरिकेत एक अणुघड्याळ दुसऱ्यापेक्षा फक्त 33 सेंटिमीटर उंच ठेवलं, तर ते पुढे जाताना चक्क मोजता आलं. आता बघा: तासभर चालून जे कमवायचं, ते तेवढाच वेळ 10 सेंटिमीटर वर राहिलं की गेलं. आणि चालायचं तर आधी उभं राहावं लागतं! उठून उभा राहिलो की छाती, पोट, डोकं सगळं त्याच्या कितीतरी पट वर. म्हणजे चालणाऱ्यापेक्षा आडवा पडलेला माणूस जास्त तरुण राहतो, आणि जमिनीला टेकून पडलेला सर्वांत जास्त.

हे सगळं मी आकडेमोडीसकट हिच्यापुढे ठेवलं. हिने कागद नीट वाचला, दोनदा वाचला.

"पटलं," ही म्हणाली. "मग आजपासून तुम्ही खाली सतरंजीवर झोपा. पलंग मला पुरेल. आणि साडेपाचला उठवीनच."