रात्रपाळीला कोण आहे, हे आधी विचारा

आमच्या संस्थेत पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला हातात आल्याशिवाय नवीन माणूस कामावर घेत नाही. यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागतं. "ताई, एवढ्याशा पगारात स्वयंपाकाला बाई मिळत नाही, आणि तिला तुम्ही पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढायला लावता?" हो, लावते. कारण अंधार पडल्यावर वसतिगृहातल्या मुली आणि शेजारच्या इमारतीतली अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं त्या बाईच्या, वॉचमनच्या आणि आयाच्याच हवाली असतात. आम्ही समितीचे लोक तेव्हा आपापल्या घरी जेवत असतो.

खान्देशात किती लेकरं घरापासून लांब वाढतात, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची पोरं सहा-सात वर्षांची असतानाच आश्रमशाळेत येतात. आईबाप मजुरीला गुजरातेत, भेट होते ती थेट दिवाळीला. बालगृहं आहेत, मतिमंद मुलांच्या निवासी शाळा आहेत. आणि मुलं पुण्या-सुरतेला स्थायिक झाल्यामुळे आता तालुक्याच्या गावांतही वृद्धाश्रम निघालेत. या सगळ्यांना एकच गोष्ट लागू आहे: त्रास झाला तर लगेच सांगायला आपलं माणूस जवळ नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याखालच्या २०२० च्या नियमांत लिहिलंय की, जिथे मुलं राहतात किंवा ज्या संस्थेचा मुलांशी नियमित संबंध येतो, तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची. शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी. ठरावीक काळाने, म्हणजे नोकरीला लागताना एकदा काढलेला पिवळा पडलेला कागद चालत नाही. वृद्धाश्रमांच्या बाबतीत मात्र असा आग्रह मला कुठे दिसत नाही. पक्षाघाताने बोलणं गेलेली आजी आणि चार वर्षांची मुलगी, तक्रार दोघींनाही करता येत नाही. मग आजीला अंघोळ घालणाऱ्याची चौकशी का नको?

आता जे खरं दुखणं आहे ते सांगते.

मागे आमच्याकडे वॉर्डनच्या जागेसाठी एक गृहस्थ आले होते. बोलणं गोड, अनुभव भरपूर, दाखला स्वच्छ. आधी जिथे काम केलं होतं तिथे मी स्वतः फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी तोंडभरून कौतुक केलं: कामाला वाघ आहे, हिशेबाला चोख आहे. मी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात ते आवाज खाली आणून म्हणाले, "पण ताई, तेले रातपायी नका देज्यात." म्हणजे त्याला रात्रपाळी देऊ नका. का, म्हणून विचारलं तर गप्प. पुन्हा विचारलं. "तुम्ही समजदार आहात," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्ही त्या माणसाला घेतलं नाही. पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. तिथे नक्की काहीतरी झालं होतं. संस्थेला ते माहीत होतं. त्यांनी राजीनामा लिहून घेतला, बहुतेक अनुभवाचं प्रमाणपत्रही दिलं आणि संस्थेचं नाव वाचवलं. पोलिसांत काही गेलंच नाही, म्हणून दाखला स्वच्छ. जे ठाण्यात नोंदलंच नाही ते दाखल्यावर येणार कुठून? आज तो माणूस दुसऱ्या कुठल्या तालुक्यात, कुठल्या वसतिगृहाच्या दारात रात्री खुर्ची टाकून बसला असेल, मला माहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की पडताळणीचं अर्धं काम पोलिसांचं आणि अर्धं आपलं, संस्थाचालकांचं आहे. आणि आपलं अर्धं आपण करत नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दडवली तर कलम २१ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. २०१६ साली आपल्या शेजारच्या खामगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, ते दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलीमुळे. संस्थेने स्वतःहून काही कळवलं म्हणून नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनावरही माहिती न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. तिथला आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता, कामाला लागून महिनाही झाला नव्हता.

कंत्राटी माणसांच्या बाबतीत आपल्याकडे कारभार फार सैल आहे. एजन्सी माणसं पाठवते, आज एक, उद्या दुसरा, आणि "पडताळणी एजन्सीने केली असेल" म्हणून संस्था निर्धास्त. आम्ही आता करारातच लिहून घेतलंय: नावानिशी यादी आणि प्रत्येकाचा दाखला आल्याशिवाय माणूस फाटकाच्या आत येणार नाही, बदली माणूससुद्धा. दुसरं, आपण सीमेवरचे लोक. उधना, बऱ्हाणपूर, सेंधवा इथे कामाला जाणं-येणं रोजचं. फक्त गावच्या ठाण्यातल्या नोंदी बघून भागत नाही. गेल्या काही वर्षांत माणूस जिथे जिथे राहिला ते सगळे पत्ते अर्जात लिहायला लावा आणि तिथेही चौकशी करा.

आणि एक गोष्ट मला ठामपणे सांगायचीय. पडताळणी म्हणजे जात विचारणं नाही. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण "पारधी आहे, नको" हे वाक्य मी आजही बैठकीत ऐकलंय. तसंच, केळी पीक विम्यासाठी रास्ता रोको केला म्हणून ज्याच्यावर गुन्हा आहे, त्याला स्वयंपाकघरातून हाकलायचं कारण नाही. बाई-मुलांवरचा अत्याचार, मारहाण, म्हाताऱ्यांचे पैसे लुबाडणं, हे बघा. आणि फक्त शिपायाचं नको. अध्यक्ष, सचिव, संचालक यांचेही दाखले त्याच फाइलला लावा. आमच्या फाइलला माझा आहे.

चोपडा, पारोळा, शिरपूर, तळोदा, जिथे कुठे तुम्ही अशा संस्थेत असाल तिथे जुने दाखले काढून तारखा बघा. सोडून गेलेल्या माणसाबद्दल दुसऱ्या संस्थेचा फोन आला तर खरं काय ते सांगा, आणि जे पोलिसांना सांगायचं ते आधी पोलिसांना सांगा. ऑनलाइन अर्ज भरायला अडचण येत असेल तर मला मेसेज करा, मी सोबत बसून भरून देते.