माळ्याचा झील (मुलगा) आणि इंडियन ओपन

गावात कुणी गोल्फचं नाव काढलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "तो मोठ्या साहेबांचा खेळ, आपलो काय संबंध?" मला याचा खरोखर राग येतो. माझा मामा मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात 31 वर्षं माळी होता. आमच्या सिंधुदुर्गातल्या आचरा पंचक्रोशीतून त्या पिढीत जे चाकरमानी झाले, ते सगळेच काही गिरणीत गेले नाहीत. कुणी क्लबांच्या मुदपाकखान्यात राबले, कुणी मैदानावर. मामा पहाटे चारला उठून ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचं, दव झाडायचा. होलची जागा सारखी बदलावी लागते. जुनं भोक मातीच्या गड्ड्याने बुजवायचं, नवं पाडायचं आणि जोड कुठे होता ते कुणाच्या नजरेला येता कामा नये. हे तो इतक्या अभिमानाने सांगायचा, की आम्हाला वाटायचं होल पाडणं हाच खेळ आहे.

गणपतीला येताना पिशवीत तळ्यातून काढलेले चेंडू असायचे. आम्ही पोरं ते सड्यावर बांबूच्या काठीने मारायचो. कातळावर आपटलेला चेंडू कुठे जाईल याचा नेम नसायचा. निम्मे करवंदीच्या जाळीत गेले, ते कायमचे.

म्हणून इंडियन ओपन या गोल्फ स्पर्धेचा इतिहास मला वेगळा दिसतो. ही स्पर्धा 1964 ला सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन, ज्यांच्या नावावर ब्रिटिश ओपनची पाच विजेतेपदं आहेत, ते तिच्यासाठी खपले आणि पहिली स्पर्धा त्यांनीच जिंकली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात पी. जी. सेठी जिंकले, तेही हौशी खेळाडू असून. त्यानंतर मात्र तब्बल 26 वर्षं भारतीय विजेता नाही. यजमान आपण, मैदान आपलं, गवत आपल्या माणसांनी राखलेलं आणि करंडक मात्र दरवर्षी विमानात बसून परदेशी.

ही रांग 1991 ला मोडली ती अली शेर यांनी. दिल्ली गोल्फ क्लबात साहेबांच्या बॅगा खांद्यावर घेऊन फिरलेला हा कॅडी त्याच क्लबात स्पर्धा जिंकला. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. 1993 ला पुन्हा तोच. 2009 ला मुनियप्पा जिंकले, तेही बंगळुरूचे जुने कॅडी. 2013 ला जिंकलेला बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान लहानपणी ढाक्याच्या मैदानावर चेंडू गोळा करायचा. ज्योती रंधावा तीनदा जिंकले, अनिर्बन लाहिरी 2015 ला जिंकला, त्यांचं कौतुक आहेच. पण माझ्या मते या स्पर्धेचा कणा कॅडी आणि माळ्यांच्या घरांतून आलाय. प्रायोजक कोण आणि बक्षीस किती कोटींचं याच्या बातम्या येतात, हे मात्र कुठेतरी कोपऱ्यात दोन ओळींत उरकतात.

माझा मामेभाऊ दहा-अकरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी मामाबरोबर मैदानावर गेला होता. सगळे खेळून गेलेले. कुणीतरी टाकलेली मोडकी पुटर त्याने उचलली आणि दोन चेंडू होलकडे ढकलले. एक पडलाही. तेवढ्यात एका सभासदाने पाहिलं. मुलाला तो काहीच बोलला नाही, मामाला बोलला. दुसऱ्या दिवसापासून पोराला आणायचं नाही. मामेभावाने नंतर कधी काठीला हात लावला नाही, सड्यावरसुद्धा नाही. तो गोल्फर झाला असता असं मी म्हणत नाही. पण ज्या गवताला त्याच्या बापाने जन्म दिला त्यावर दोन चेंडू ढकलायचा त्याचा हक्क होता. क्लबांनी माळी आणि कॅडींच्या मुलांसाठी आठवड्यातली एक सकाळ ठेवावी, शिकवणारा माणूस द्यावा. उपकार म्हणून नको. चॅम्पियन तिथूनच आलेत, हे त्यांच्याच स्पर्धेची यादी सांगते.

2016 च्या मार्चमधला, शिमग्याच्या तोंडावरचा रविवार. मामा निवृत्त होऊन गावी आला होता. दिल्लीत इंडियन ओपनची शेवटची फेरी चालू होती आणि आघाडीवर एस. एस. पी. चौरसिया. त्याचे वडील कलकत्त्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात, 1829 ला स्थापन झालेल्या त्या जुन्या क्लबात, ग्रीन राखायचे. लांब मारणाऱ्यांतला तो नव्हेच. दिल्लीच्या त्या झुडपांनी दाबलेल्या अरुंद वाटांवर नेमकं टाकायचं आणि ग्रीनजवळ हात स्थिर ठेवायचा, हा त्याचा खेळ. म्हणून चिप (ग्रीनजवळचा छोटा उंच फटका) आणि पुट (होलकडे ढकलणं) जोडून त्याचं नाव पडलं 'चिपपुटसिया'. आधी चारदा दुसरा आलेला. आदल्याच वर्षी लाहिरीने बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरवलेलं. माझा जीव टांगणीला आणि मामा शांत.

"बॉल काय बघतंस, गवात बघ," तो म्हणाला. "ह्यां येका दिसात होवक नाय."

चौरसिया जिंकला. पुढच्या वर्षी गुरगावला पुन्हा जिंकला, तेव्हा तर दुसऱ्यापेक्षा 7 फटके कमी घेऊन. पण त्या रविवारी मी मामाला चौरसियाच्या वडिलांचं काम सांगितलं. तो काही वेळ टीव्हीकडेच बघत राहिला. मग फोन मागून घेतला आणि विरारला मुलाला लावला. तो ड्युटीवर निघाला होता.

"टीव्ही लाव रे. माळ्याचो झील जिंकलो."