‘हिंमत ठेवली की कॅन्सर पळतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडच्या घरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: खचलेल्या माणसाचा कॅन्सर वाढतो, हसणारा बरा होतो, पेशंटला रोगाचं नाव कळू देऊ नये, मनाच्या गोळ्यांनी केमो वाया जाते, आणि काउन्सेलरकडे वेडे जातात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण ज्याच्या हाताला सलाईन लावलंय तोही हा मेसेज वाचतो, म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात जास्त इजा पहिला मुद्दा करतो. तोंड, घसा, मान या भागांतल्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उपचार सुरू होताना कुणाचं मन किती खंबीर होतं आणि तो पुढे किती जगला, यांचा काहीही संबंध त्यात सापडला नाही. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात हे आवर्जून सांगायला हवं. तिथल्या पेशंटला ‘तंबाखू खाल्लीस म्हणून झालं’ हे आधीच ऐकवलेलं असतं. त्यावर ‘रडतोस म्हणून वाढतंय’ हा दुसरा आरोप कशाला? रडण्याने गाठ वाढत नाही. रडू द्या त्याला.

ही समजूत अगदीच हवेतून आली नाही. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या बायका गटात बसून मन मोकळं करत होत्या त्या जास्त जगल्या, असं १९८९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पुढे २३५ बायकांवर तेच पुन्हा तपासलं, तेव्हा २००१ मध्ये निष्कर्ष आला की आयुष्य वाढलं नाही. मात्र ज्या आधीच फार खचल्या होत्या त्यांचं मन सावरलं, दुखणंही सुसह्य झालं. मानसिक आधाराचं काम हे आहे, आणि ते मला मुळीच लहान वाटत नाही.

नाव लपवण्याबद्दल. मिरजेच्या किंवा हुबळीच्या कॅन्सर हॉस्पिटलात पाऊल टाकलं की पाटी वाचता येते, शेजारचा पेशंट बोलतो. माणसाला कळतं, फक्त आपल्याला कळलंय हे तो घरात बोलू शकत नाही. ‘तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय?’ असं डॉक्टरांनी त्यालाच विचारावं. नको म्हणाला तर तोही त्याचा हक्क.

गोळ्यांचा दावा अर्धवट आहे. स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असताना पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन यांसारखी नैराश्यावरची काही औषधं टाळतात, कारण त्यांच्यामुळे शरीरात टॅमॉक्सिफेनचं रूपांतर नीट होत नाही. त्यांच्याऐवजी दुसरी देता येतात. कॅन्सरच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना सगळ्या चिठ्ठ्या दाखवा, आपणहून गोळ्या बंद करू नका. आणखी एक: मानेला लाईट (रेडिएशन) दिल्यावर पुढे थायरॉईड मंदावू शकतं, केमोबरोबरच्या स्टेरॉईडने झोप उडते. ‘मनच मेलंय’ म्हणण्याआधी हेही तपासून घ्या.

राहिला ‘वेडे जातात’ हा मुद्दा. हॉस्पिटलात उपचार घेणाऱ्या कॅन्सर रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य, चिंता किंवा परिस्थितीशी जुळवून घेता न येणं असा काहीतरी त्रास असतो, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसतं. त्यांना कोण वेडं म्हणेल? नैराश्यात माणूस तारखा चुकवतो, गोळ्या टाकून देतो, जेवण सोडतो. दोन आठवडे झोप, भूक, बोलणं सगळंच गेलं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांनाच स्पष्ट सांगा आणि मानसोपचारासाठी चिठ्ठी मागा. ‘मेलो तर बरं’ असं कुणी बोलू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

१४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, दिवसरात्र. तिथे मराठीत बोलायचंय म्हणून सांगता येतं, आणि आपल्या भागात ही गोष्ट मोठी आहे. ओपीडीत कन्नड चालतं, आईला ते जेमतेम येतं, मग मुलगाच दुभाषा होऊन बसतो. औषधाच्या वेळा समजून घ्यायला तो चालेल. पण मरणाची भीती वाटते हे आई मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगणार नाही. त्या बोलण्यासाठी मराठी येणारी नर्स किंवा काउन्सेलर मागून घ्या, आणि मुलाने तेवढा वेळ बाहेर बसावं.