99 टक्के अचूकता नेमकी कशाची? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. ‘लांडगे, वटवाघळं, देवमासे अशी नावं घेऊन येणाऱ्या अल्गोरिदममधून फारसं नवं हाती लागत नाही’ हे माझं विधान तुम्हाला खटकलं. चिप-डिझाइनमध्ये असेच शोध चाळीस वर्षं चालत आलेत, आणि ग्रे वुल्फ (लांडग्यांच्या कळपाच्या शिकारीवर बेतलेली, चांगलं उत्तर शोधायची पद्धत) वापरून तुमच्या विद्यार्थिनीने ईसीजीच्या ठोक्यांचं वर्गीकरण 99 टक्के अचूक केलंय, असं तुम्ही म्हणता.

चिपचा दाखला योग्यच आहे. 1983 साली आयबीएमच्या कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेक्ची यांनी सिम्युलेटेड ॲनीलिंग मांडलं, तेव्हा त्यांच्या उदाहरणांत चिपची मांडणी होतीच. दोन सेलची (चिपवरच्या छोट्या सर्किटांची) अदलाबदल करायची आणि तारांची लांबी मोजायची. घटली तर बदल ठेवायचा. वाढली तरी कधीकधी ठेवायचा: वाढ 5 आणि ‘तापमान’ (हळूहळू कमी करत न्यायचा एक आकडा) 10 असेल तर शंभरात साधारण 61 वेळा, तापमान 1 वर आलं की हजारात जेमतेम 7 वेळा. म्हणजे शोध आधी मोकळा फिरतो, मग आवळत जातो. यातली खरी मेख अशी की प्रत्येक चालीनंतर फक्त त्या दोन सेलना जोडलेल्या तारा पुन्हा मोजाव्या लागतात, म्हणून लाखो चाली परवडतात. शिवाय मांडणी फसली असेल तर पुढे राउटिंगमध्ये (तारा टाकताना) किंवा टायमिंगच्या (सिग्नल वेळेत पोचतो का या) तपासणीत ते उघडं पडतंच. एवढं असूनही चिप वाढत गेल्या तशा मोठ्या मांडणीसाठी गणिती पद्धती पुढे आल्या. तिथे नावाला कोणी चिकटून बसलं नाही.

ईसीजीत मात्र फसलेलं उघडं पडेलच असं नाही, आणि माझी काळजी तीच आहे. तुम्ही एमआयटी-बीआयएच हा ईसीजी रेकॉर्डचा डेटाबेस वापरल्याचं लिहिलंय. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे 48 रेकॉर्ड आहेत, 47 माणसांचे. पेसमेकरचे चार रेकॉर्ड वगळून प्रचलित पाच वर्गांत विभागणी केली, की 90 टक्क्यांच्या आसपास ठोके ‘नॉर्मल’ गटात जातात. सगळेच नॉर्मल म्हणणारा प्रोग्रामही 90 च्या घरात पोचतो! त्यात सगळे ठोके एकत्र पिसून ट्रेनिंगचे (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्टचे (तपासायचे) वेगळे केले, तर एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे येतात. मग मॉडेल आजार ओळखतंय की माणूस, हे कळायला मार्ग उरत नाही. लांडग्यांना तुम्ही जे मोजायला द्याल तेच ते वाढवणार.

2004 साली डी शाझाल आणि सहकाऱ्यांनी याच डेटाबेसमधल्या 22-22 रेकॉर्डचे दोन गट पाडून, एकावर शिकवून दुसऱ्यावर चाचणी घेतली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येणाऱ्या अनियमित ठोक्यांपैकी 75.9 टक्के त्यांच्या हाती लागले, पण त्या नावाने दाखवलेल्यांतले खरे फक्त 38.5 टक्के. हे आकडे दिसायला फिके आहेत, पण अनोळखी पेशंट समोर आला तर काय होईल, ते सांगणारे हेच. (त्यातही 201 आणि 202 हे रेकॉर्ड एकाच माणसाचे आहेत, आणि ते दोन वेगळ्या गटांत गेलेत. तुम्ही विभागणी कराल तेव्हा ते एकत्र ठेवा.)

विद्यार्थिनीचे कष्ट मी कमी लेखत नाही. उलट, ती ग्रे वुल्फ मॉडेलचे जे पॅरामीटर (जुळवायचे आकडे) शोधायला वापरते, तेच तितक्याच चाचण्यांत निव्वळ रँडम पद्धतीने शोधायला तिला सांगा. दोन्ही निकाल माणसांनुसार विभागणी करून, वर्गवार, निदान दहा वेगवेगळ्या सीडवर (रँडम आकड्यांच्या सुरुवातीवर) पाहा. ग्रे वुल्फ तरीही पुढे राहिला तर तो तक्ता मला पाठवा, मी तो याच ब्लॉगवर तिच्या नावानिशी छापेन.