माझ्याच घरात मी भाडेकरू

मालमत्ता कराची विशेष नोटीस आली आहे. वापराचा प्रकार : भाडेकरू. गृहकर्जाचे हप्ते भरून भरून पाठ वाकली, आणि महापालिकेच्या लेखी मी भाडेकरू.

नुसतं शब्दावर भागलं असतं तर हसून सोडलं असतं. पण ज्यावर कर बसतो ते करयोग्य मूल्य काढतात कसं? मालक राहत असेल तर क्षेत्रफळ गुणिले ठरलेला दर गुणिले 12 महिने, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. समजा 500 चौरस फूट आणि दर 3 रुपये, तर 16,200. घर भाड्यानं दिलं म्हटलं की बऱ्याच महापालिका प्रत्यक्ष भाडं धरतात. महिना 12,000 धरलं तर त्याच भिंती 1,29,600 च्या होतात. आठपट!

सर्वेक्षणाच्या वेळी आमच्या दाराला कुलूप होतं. पुढचं शेजारच्या अण्णांकडून कळलं. त्यांना स्वतःचं भारी कौतुक.

"बिचारा पोरगा टॅब घेऊन ताटकळला होता. विचारत होता, मालक इथंच राहतात का? म्हटलं, सकाळी जातात, रात्री उगवतात, याला राहणं म्हणायचं का?"

"अण्णा!"

"तो म्हणाला, टॅबमध्ये दोनच पर्याय आहेत. म्हटलं, मध्यंतरी दोन पोरं बॅगा घेऊन चढताना पाहिली."

"भाचे होते ते माझे."

"तसं कपाळावर लिहिलं होतं का? बरं, मापाला अडला, तर म्हटलं आमचं-तुमचं घर सारखंच. आमच्यातच टेप लावून दिली."

"तुमची गॅलरी काचा लावून खोली केलेली आहे ना?"

"तीही धरली. सरकारी कामात लपवाछपवी नको."

"मग तुमचं बिल?"

"आमचं जुनंच. तो तुमच्यासाठी आला होता, आमचं कशाला काढेल?"

तर अण्णांची अनधिकृत गॅलरी आता माझ्या क्षेत्रफळात आहे. अनधिकृत ठरली तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ खाली मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते, आणि ती भरूनही बांधकाम नियमित होत नाही. कुणाच्या नावावर लागेल, हे अण्णांना विचारायची माझी हिंमत नाही.

हरकत घ्यायची तर नोटिशीवर छापलेल्या मुदतीत, लेखी. करारनाम्यातला चटई क्षेत्राचा (भिंतींच्या आतल्या जागेचा) आकडा आणि इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, जोडायचे. स्वतः राहतो म्हणून सोसायटीचं पत्र, गॅसचं पुस्तक, मतदार ओळखपत्र. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायचीच. शिक्का नसला की अर्ज "आलाच नाही" होतो. मुदत उलटली की लिहिलेलं मूल्य कायम.

खिडकीवर सल्ला मिळाला, "आत्ता बिल भरून टाका, पुढं वळतं करू." न भरावं तर थकबाकीवर दरमहा 2 टक्के. हरकत फेटाळली तर कलम 406 खाली न्यायालयात अपील आहे, पण त्यासाठीही मागितलेली रक्कम आधी जमा करावी लागते. भाचे राहून गेले, त्यांचं भाडं सध्या मी भरतोय, तेही महापालिकेला.