पाना, जॅक आणि आईचा पाय

जुनी गाडी न विकणाऱ्या माणसाला समजवायला लोकांना भयंकर आवडतं. आमच्या बाबांना नातेवाईक, शेजारी, बँकेतला लोनवाला पोरगा, झालंच तर सिग्नलला बाजूला थांबलेला एक रिक्षावालासुद्धा समजावून गेलाय. बाबा सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी "पण इंजिन अजून मख्खन आहे हो" म्हणून विषय संपवतात. इंजिन मख्खन आहे हे खरंच आहे. पण गाडी नुसती पळून भागत नाही ना, ती वळावी लागते आणि मुख्य म्हणजे थांबावी लागते, आणि या दोन बाबतीत आमची गाडी बरीच वर्षं स्वतःच्या मर्जीने वागत होती.

गाडी म्हणजे मारुती 800, 1995 ची. कार्ब्युरेटरवाली, चार गिअर, पॉवर स्टेअरिंग नाही, आणि सेंट्रल लॉक म्हणजे बाबा स्वतः गाडीभोवती फिरून चारी दरवाजे ओढून बघतात ते. 1983 च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत पहिल्या 800 ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली हे बाबा अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं ताट धरून मागे हेच उभे होते. 2014 च्या जानेवारीत कंपनीने 800 बनवायची बंद केली तेव्हा म्हणाले, "बघ, आता किंमत वाढेल." वाढली नाही. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला, आणि 800 चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे तो हिशोब फार वेळ चाललाही नाही.

तर ही गाडी चालवायचे काही घरगुती नियम होते. स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जाते, म्हणून ते कायम थोडं उजवीकडे ओढून धरायचं. वळायचं असेल तर आधी स्टेअरिंग थोडं फुकट फिरतं, मग चाकांपर्यंत निरोप पोचतो, म्हणून वळण यायच्या आधीच वळायला सुरुवात करायची. ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल निम्मं खाली जातं आणि काहीच होत नाही, दुसऱ्यांदा दाबला की लागतो, म्हणून कायम दोनदा. खड्ड्यात पुढून खटाक, स्पीडब्रेकर उतरताना कर्रर्र. बाबांच्या हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं की गाडीत बिघाड आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. दुसऱ्या कुणाला गाडी दिली की तो घामाघूम होऊन परत यायचा, तर दोष त्याचा. "आजकालच्या लोकांना गाडीच चालवता येत नाही."

पण पासिंगची तारीख आली. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, नंतर दर 5 वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवायची. तिथे इन्स्पेक्टर स्वतः बसतो, आणि त्याला घरगुती नियम माहीत नसतात.

आमचा नेहमीचा मेकॅनिक गॅरेज मुलीच्या नवऱ्याकडे देऊन गावी आंबे बघायला गेलाय. जावई हुशार आहे, पण त्याने बॉनेट उघडून आत असं बघितलं की मला डायनासोरचा सांगाडा दाखवताय का. त्याच्याकडे लॅपटॉप असतो, तो लावायला आमच्या गाडीत भोकच नाही. मग त्याने कागदावर आकडा लिहून दिला, पुढचं आर्म, बुश, टायरॉड एंड, शॉकअप, मागचे लायनर, व्हील सिलेंडर, मजुरी, आणि खाली बेरीज, आणि त्या बेरजेत गाडी येऊन वर थोडे पैसे उरले असते. बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मी म्हणलं आपण घरी करू. व्हिडिओ बघितले होते मी पुष्कळ. त्यात तो माणूस स्वच्छ हातमोजे घालून दोन बोटांनी नट काढतो आणि पुढच्या सेकंदाला पार्ट हातात येतो.

पार्ट आणायला नाना पेठ. पुण्यात गाडीचं काहीही पाहिजे तर नाना पेठ, एवढं माहीत होतं, पण तिथल्या काउंटरवर उभं राहायला एक प्रकारचा अभ्यास लागतो हे माहीत नव्हतं. आपण "टायरॉड एंड द्या" म्हणायचा अवकाश, तो मान वर न करता विचारतो, "कार्ब्युरेटर का एमपीएफआय? डावा का उजवा? ओरिजिनल देऊ का चालू?" आणि मागे चार मेकॅनिक ग्रीसचे हात घेऊन उभे, त्यांना घाई, ते आपल्याकडे बघतायत. 'चालू' हा नेमका काय प्रकार असतो हे विचारायची हिंमत झाली नाही. लोअर आर्म, म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारा खालचा दांडा, घेतला तेव्हा शेजारचा एक मेकॅनिक आपणहून म्हणाला, "दादा, बुशचा बोल्ट गाडी खाली टेकवल्याशिवाय फुल टाइट करू नका, चाक लटकत असताना आवळला तर रबर पिळलेलं राहतं, महिन्यात फाटतं." अख्ख्या प्रकरणात मला मिळालेला एकमेव फुकट आणि बरोबर सल्ला. बाकी सगळे फुकट होते फक्त.

कारण आमच्या सोसायटीचं पार्किंग. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवून बघा, माणसं कशी जमतात. जनरल बॉडी मीटिंगला कोरम होत नाही, पण इथे दहाच्या आत झाला. तिसऱ्या मजल्यावरचे काका हातात चहाचा कप घेऊनच उतरले. बी विंगमधले एक गृहस्थ आयुष्यभर कंपनीत परचेसला होते, त्यामुळे त्यांना प्रत्येक पार्टची किंमत पाहिजे होती आणि प्रत्येक किंमत ऐकून "फसवलं तुम्हाला" म्हणायचं होतं. वॉचमनमामांनी गाडीखाली लावायला विटा आणून दिल्या. विटा लावायच्या नसतात, वीट वरून वजन आलं की न सांगता फुटते, आणि गाडीतला तो कात्रीवाला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. मी गॅरेजमधून गाडी पेलायच्या लोखंडी घोड्या मागून आणल्या होत्या, शिवाय काढलेलं चाक गाडीच्या खाली आडवं सारून ठेवलं. यावर काका म्हणाले, "एवढी भीती वाटते तर कशाला करायचं?"

टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगकडून येणारा दांडा चाकाला जोडणारा सांधा. आधी त्याचा नट अडवून धरणारी स्प्लिट पिन, जी तीस वर्षांत इतकी गंजलेली की तिला पिन म्हणायचं ते केवळ जुनी ओळख म्हणून. ती तुकड्यातुकड्याने निघाली. मग नट काढला. आता व्हिडिओप्रमाणे जॉइंट खाली पडायला पाहिजे. तो ढिम्म हलेना. निमुळता दांडा निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसलेला असतो, नट असो नसो, त्याला काही फरक पडत नाही. खालून हातोडा मारला तर आटे चेपतात. त्याची रीत अशी की दांड्याला हातच लावायचा नाही, ज्या भोकात तो बसलाय त्या लोखंडाच्या एका बाजूला एक जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरून दुसरा हाणायचा, म्हणजे भोक क्षणभर चेपतं आणि दांडा सुटतो. मी हाणतोय, हाणतोय, परचेसवाले म्हणतायत "पुलर आणायला पाहिजे होता, चारशेला मिळतो," काका म्हणतायत "डिझेल टाक," वरून कुणीतरी गॅलरीतून विचारतंय की पाण्याची मोटर दुरुस्त करताय का, आणि अचानक टण्ण आवाज होऊन तो आख्खा खाली आला. इतका मोठा आवाज की सगळे दोन पावलं मागे सरकले आणि मग पहिल्यांदाच काही वेळ कुणी काही बोललं नाही. ही शांतता मी फार एन्जॉय केली.

नवीन घालताना जुना किती आटे फिरवून काढला ते मोजून ठेवायचं आणि नवा तेवढेच आटे फिरवून बसवायचा, म्हणजे निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाते. मी मोजत होतो, बारा, तेरा, आणि काका म्हणाले, "अरे चौदा तारखेला मीटिंग आहे, सेक्रेटरीने तुला सांगितलं का?"

लोअर आर्मचं मी फार सांगत नाही. तासभर उताणं पडून तोंडात गंज खाल्ला, एवढंच.

मागचे ब्रेक मात्र सांगायला पाहिजेत. ड्रम, म्हणजे चाकामागचा गोल लोखंडी डबा, निघेना, कारण आतून त्याला गंजाची कड आलेली आणि लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तिच्या मागे अडकलेले. हँडब्रेकची केबल पार सैल केली, ड्रमभोवती ठोकत ठोकत गेलो, तेव्हा कुठे तो खेचत बाहेर आला. आत काळी बारीक धूळ. परचेसवाले लगेच वाकून फू करायला गेले, मी त्यांना अक्षरशः खांद्याला धरून मागे ओढलं, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुंकायची नसते, ओल्या फडक्याने पुसायची असते. त्यांना ते लागलं. जाताना म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं ना काका, आमच्या वेळी नाहीये.

डाव्या बाजूचा व्हील सिलेंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग, गळत होता, अर्ध्या लायनरला ब्रेक ऑइल लागून ते गुळगुळीत झालेलं. म्हणजे इतकी वर्षं ते चाक थांबायचं नुसतं आश्वासन देत होतं. आणि टाकीतलं ऑइल बघितलं तर टपरीवरचा सकाळपासून उकळत ठेवलेला चहा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं, नव्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू 205 अंशांच्या वर असतो पण पाणी शिरलं की तो धाडकन खाली येतो, आणि मग एखादा वरंधा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की ऑइल पाइपातच उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल जमिनीला टेकतं आणि गाडीला काही कळत नाही. आम्ही या गाडीने वरंधा उतरलोय. सहकुटुंब. लाडूचा डबा घेऊन.

सिलेंडर, लायनर बदलून झाले, आता ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढायची. याला दोन माणसं लागतात, एक खाली चाकामागच्या हवा सोडायच्या निपलपाशी, एक वर पेडलवर. बाबा अलाइनमेंटवाल्याला फोन करतो म्हणून जे गेले ते गेलेच. मग आई. आईला गाडी येत नाही, पण तीस वर्षं बाबांच्या शेजारी बसून ती पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबत आलीय, तिच्या बाजूचं मॅट तेवढ्याच जागी झिजून भोक पडलंय, त्यामुळे अनुभव म्हणाल तर आमच्या घरात तिच्याइतका कुणाचाच नाही. प्रत्यक्ष पेडल मात्र पहिल्यांदाच मिळत होतं. ती साडीचा पदर खोचून ड्रायव्हर सीटवर बसली, आरसा आधी स्वतःकडे करून घेतला.

मास्टर सिलेंडरपासून, म्हणजे पेडलला जोडलेल्या मुख्य पंपापासून, सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मी निपलला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत ऑइलमध्ये बुडवलं आणि ओरडलो, "आई, दाब! दाबून धर!" मी निपल उघडायचा, पेडल खाली जाणार, नळीतून बुडबुडे येणार, मी निपल बंद करायचा आणि मगच तिने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा परत आत.

"दाबलं," आई.

उघडलं. बुडबुडे आले.

"अरे हे खाली चाललंय!"

"जाऊ दे खाली! उचलू नकोस!"

"पार जमिनीला लागलं, मोडलं का रे?" आणि उचलला पाय.

परत पहिल्यापासून. एकदा छान लय लागली होती, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि आई खिडकीतून तोंड काढून त्यांना गवार कशी किलो विचारायला लागली, आणि आईचं असं आहे की ती बोलताना पाय हलवते. मी गाडीखालून "आई! पाय!" म्हणून ओरडतोय आणि काकू म्हणतायत, "पायाला काय झालं हो?" मग तिथे पाच मिनिटं आईच्या गुडघ्याची हिस्ट्री. पण एक सांगतो, शेवटी पेडल कडक व्हायला लागलं तेव्हा मला सांगावं लागलं नाही. तिनेच सांगितलं. "आता लागला बघ ब्रेक. मला मॅटवर लागायचा तसा."

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट झाली. मशीनवाल्या पोराने स्टेअरिंग हलवून बघितलं आणि म्हणाला, "एट हंड्रेडला इतकं टाइट कुणी केलं?" हे वाक्य मी बऱ्याच जणांना सांगितलंय.

मग बाबांनी किल्ली घेतली. पुढे बाबा, शेजारी आई, मागे मी. सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना बाबांनी नेहमीप्रमाणे स्टेअरिंग थोडं उजवीकडे ओढून धरलं, आणि गाडी आता सांगितलेलं ऐकते ना, ती सरळ उजवीकडच्या खांबाकडे निघाली. बाबांनी सवयीने ब्रेक दोनदा मारला. पहिल्यातच गाडी गचकन थांबली, पाय उचलल्यावर सुटली, दुसऱ्यात परत गचकन, आईचा चष्मा डॅशबोर्डवर. वॉचमनमामा खुर्ची उचलून आत गेले. कोपऱ्यावर बाबांनी नेहमीसारखं आधीपासून वळायला घेतलं आणि आम्ही फुटपाथवरच्या नारळवाल्याला जवळून पाहिलं. घरी येईपर्यंत बाबा घामाघूम.

"बिघडवलीस तू गाडी," ते म्हणाले.

पासिंग झालं. इन्स्पेक्टरने चालवून बघितली, ब्रेक मारला, खाली उतरून काही न बोलता सही केली. बाबांना वाटतं त्याला गाडीतलं कळत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, की ब्रेकचं राहू दे, आईला आवडलाय, पण ते स्टेअरिंगचं थोडं आधीसारखं सैल करता येतं का. मी म्हणलं नाही येत, आणि जुने टायरॉड एंड तर मी भंगारात टाकले.

"ते मी काढून आणलेत," बाबा म्हणाले. "माळ्यावर आहेत."